वीजबिलाच्या वरच्या पायऱ्या

मृगाच्या पहिल्या सरी पडून हवेत गारवा येतो न येतो, तोच मे महिन्याच्या वापराचे वीजबिल हाती पडते आणि विदर्भातील पगारदार कुटुंबांचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. जून हा मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशांचा आणि महाविद्यालयीन शुल्काचा महिना. नेमक्या त्याच वेळी हा बोजा येऊन आदळतो. भंडारा-नागपूर महामार्गावरील शहापूर हे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक म्हणावे लागेल. शेती आहे, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, भंडारा आणि नागपूर येथील शाळा-कचेऱ्यांत रोज जा-ये करणारे नोकरदार आहेत आणि शिक्षणासाठी भाड्याच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थीही आहेत. फेब्रुवारीत ज्या घराचे बिल सातआठशे रुपयांत भागते, त्याच घराचे जूनमधील बिल दोन हजारांच्या आसपास जाते. मग मीटर पळतो, वाचन चुकले, दर गुपचूप वाढले, असे नाना तर्क सुरू होतात. यांपैकी एखादा तर्क प्रसंगी खराही असतो. परंतु बहुतेक घरांतील वाढीचे कारण बिलाच्या मागील बाजूस छापलेल्या दरपत्रकात असते आणि ते वाचण्याचे कष्ट फार थोडे ग्राहक घेतात.

विजेचा दर ठरविणे ग्राहकाच्या हाती नाही, हे खरे. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. दर मंजूर करण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आहे. आयोगापुढील जनसुनावणीत ग्राहकाला बोलता येते व त्याने बोललेही पाहिजे. मात्र आपल्या वापरातील किती युनिटे कोणत्या दराने मोजली जावीत, हे बऱ्याच अंशी ग्राहकाच्या हाती असते. वीजबिलातील बचतीचा खरा वाव येथेच आहे.

वापर दुप्पट, बिल अडीचपट

महावितरणच्या घरगुती दराची रचना जिन्यासारखी आहे. महिन्याला १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या पायरीचा वीज आकार ४.७१ रुपये, दुसरीचा १०.२९, तिसरीचा १४.५५ आणि चौथीचा १६.६४ रुपये होता. प्रत्येक युनिटावर १.१७ रुपये वहन आकार वेगळा. म्हणजे पहिल्या शंभर युनिटांना प्रत्येकी ५.८८ रुपये पडत, तर एकशेएकाव्या युनिटाला ११.४६ रुपये. या रकमेवर १६ टक्के वीज शुल्क धरले, तर पहिल्या पायरीवरील युनिट सुमारे ६.८० रुपयांना आणि दुसऱ्या पायरीवरील सुमारे १३.३० रुपयांना पडे. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार यांहून निराळे. दर आयोगाच्या आदेशांनुसार बदलत राहतात. म्हणून पुढील सर्व हिशेब २०२४-२५ च्या दरांवर आधारले आहेत.

आता नव्वद युनिटांचे घर घ्या. त्याचा वीज व वहन आकार ५२९ रुपये होतो. मे महिन्यात हेच घर १८० युनिटे वापरते. पहिल्या शंभरांचे ५८८ आणि पुढील ऐंशींचे सुमारे ९१७, असे मिळून १,५०५ रुपये होतात. स्थिर आकार आणि वीज शुल्क मिळविले की फेब्रुवारीचे सुमारे ७६५ रुपयांचे बिल जूनमध्ये १,९०० च्या आसपास जाते. वापर दुप्पट झाला आणि बिल अडीचपट झाले. यात मीटरचा दोष नाही. वरच्या पायरीची ही किंमत आहे.

अर्थशास्त्रात सरासरी किंमत आणि सीमांत किंमत असा भेद करतात. बिलाची रक्कम युनिटांनी भागून सरासरी निघते आणि सामान्यतः घरात तिचाच विचार होतो. पण वापर कमी केल्यावर जी युनिटे वाचतात ती सरासरी भावाची नसतात. ती सर्वांत वरच्या पायरीवरची, म्हणजे सर्वांत महाग असतात. वरील घराने मे महिन्यात ४० युनिटे वाचविली, तर वापर २२ टक्क्यांनी घटतो, परंतु वीज व वहन आकार ३० टक्क्यांनी उतरतो. वीजबचतीच्या कोणत्याही उपायाचे मोल ठरविताना हे गणित प्रथम मांडले पाहिजे.

युनिटे जातात कोठे?

युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण एक तास चालणे. उपकरणावर लिहिलेले वॅट, रोजच्या वापराचे तास आणि तीस दिवस यांच्या गुणाकाराला हजाराने भागले की महिन्याची युनिटे मिळतात. शाळकरी मुलाला जमेल असा हा हिशेब प्रत्येक घरात एकदा तरी कागदावर मांडला जावा.

शहापूरसारख्या गावातील १८० युनिटांच्या घराचा मे महिन्याचा हिशेब साधारणतः असा बसतो. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर ७२ युनिटे. पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे प्रत्येकी पंधरा तास चालले तर सुमारे ६७ युनिटे. फ्रिजची ३० युनिटे. एलईडी दिवे, टीव्ही आणि किरकोळ वापर मिळून दहा. म्हणजे पाऊण हिस्सा विजेचा वापर गारवा आणि वारा यांसाठी होतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालविण्याची शिस्त चांगलीच. पण नऊ वॅटच्या दिव्यावरून मुलांना रागावणारे वडील पंचाहत्तर वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत फिरत ठेवतात, तेव्हा बचतीचा हेतू साधत नाही.

यात वातानुकूलन यंत्राची भर पडली की हिशेब निराळ्याच पायरीवर जातो. दीड टनाचे यंत्र चालू असताना तासाला सर्वसाधारणपणे एक ते दीड युनिट वीज घेते. एकच युनिट धरले, तरी रोज आठ तासांची महिन्याला २४० युनिटे झाली. पहिल्या पायरीच्या दराने हा खर्च साडेसोळाशेच्या आत दिसतो. पण ही युनिटे मूळच्या १८० वर चढतात. त्यांतील १२० दुसऱ्या पायरीवर आणि १२० तिसऱ्या पायरीवर मोजली जातात आणि प्रत्यक्ष भार वीज शुल्कासह सुमारे ३,७८० रुपये होतो. यंत्र हप्त्याने घेताना दुकानातील हप्त्याचा आकडा विचारला जातो, हा आकडा विचारला जात नाही. ज्यांच्या घरी यंत्र आहे, त्यांनी तापमान एकेका अंशाने वाढवून पाहावे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठेवणे सक्तीचे झाले, त्यामागे हेच कारण आहे.

बिनखर्ची उपाय

बचतीच्या उपायांची क्रमवारी खर्चानुसार लावणे शहाणपणाचे. पहिल्या वर्गात एकही पैसा लागत नाही. विदर्भातील चैत्र-वैशाखाची हवा कोरडी असते म्हणून कूलर येथे उत्तम काम देतो. पाण्याचे बाष्पीभवन होऊन हवा थंड होते. मात्र आत आलेल्या दमट हवेला बाहेर जाण्यास वाट हवी. दारे-खिडक्या गच्च लावून कूलर चालविला तर खोली दमट होते, मग गती वाढविली जाते आणि वीज वाया जाते. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवणे, वाळ्याच्या किंवा लाकडी काड्यांच्या ताट्यांवरचा क्षार दरवर्षी काढणे किंवा त्या बदलणे, आणि कूलर सावलीच्या बाजूला बसविणे एवढ्याने तोच कूलर कमी गतीवर पुरतो. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग नाही. तेव्हा पंखाच बरा.

फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर असावा, त्याच्या दाराचे रबर सैल नसावे आणि गरम भांडे आत ठेवू नये. पाण्याची टाकी भरून वाहत असताना एक अश्वशक्तीची मोटर रोज अर्धा तास अधिक चालली, तर महिन्याला अकराहून अधिक युनिटे पाण्याबरोबर वाहून जातात. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही दहा वॅटच्या आसपास वीज घेत राहिला, तर महिन्याला सात युनिटे होतात. भिंतीवरचे बटण बंद करणे हाच त्यावर इलाज. पंख्याचा जुना पेटीवजा रेग्युलेटर गती कमी करतो, पण उरलेली वीज स्वतःत उष्णतेच्या रूपाने जाळतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मात्र गतीबरोबर वापरही घटतो.

थोडक्या खर्चाचे उपाय

दुसऱ्या वर्गात दिवे, छत आणि पंखे येतात. एलईडी दिव्याची कथा उद्बोधक आहे. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत तीनशे रुपयांहून महाग असलेला हा दिवा, जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतील घाऊक खरेदीमुळे २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या खाली आला. तरीही अनेक घरांत चोकची जुनी ट्यूब अद्याप आहे. चोकसह पन्नास वॅट घेणाऱ्या ट्यूबऐवजी वीस वॅटची एलईडी ट्यूब लावली आणि ती रोज सहा तास चालली, तर महिन्याला पाचसाडेपाच युनिटे वाचतात. दुसऱ्या पायरीवर त्यांचे सुमारे ७२ रुपये होतात. दोनअडीचशे रुपयांची ट्यूब तीनचार महिन्यांत स्वतःची किंमत फेडते.

सिमेंटच्या स्लॅबचे घर कवेलूच्या घरापेक्षा टिकाऊ असले, तरी दिवसभर शोषलेली उष्णता ते रात्रभर आत सोडत राहते. होळीनंतर गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. पश्चिमेच्या भिंतीवर हिरवी जाळी किंवा वेल चढविल्यास तेथील तापही कमी होतो. कूलर जितके तास कमी चालेल, तितकी वरच्या पायरीवरची युनिटे गळून पडतील.

सर्वांत दुर्लक्षित उपकरण म्हणजे छताचा पंखा. सामान्य पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. रोज पंधरा तासांच्या हिशेबाने एका पंख्यामागे महिन्याला वीस, दोन पंख्यांमागे चाळीस युनिटे वाचतात. वरील घराला उन्हाळ्याच्या चार महिन्यांत यातून दरमहा सुमारे ५३० रुपये मिळतात. इतर महिन्यांत वापर शंभराच्या आत असल्याने तेच पंखे १८० रुपयांच्या आसपास वाचवितात. थंडीचे तीन महिने वगळता वर्षाची बचत तीन हजारांवर जाते. चालू स्थितीतील दोन पंखे काढून साडेपाच-सहा हजारांचे नवे घेतले तरी दोन वर्षांत पैसे वसूल होतात. जुना पंखा जळाल्यावर किमतीतील फरक तेवढा भरून हा पंखा घेतला, तर वर्षाच्या आत. नोकरदारांना मुदत ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाशी या परताव्याची तुलना करून पाहावी. पंख्यांवर तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे. तेव्हा खरेदी करताना तारे आणि वॅट दोन्ही पाहणे कठीण नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचताच बिल निम्मे करणारी म्हणून काही डबी बाजारात विकली जातात. अशा डब्यांत बहुधा कॅपॅसिटर असतो. त्याने पॉवर फॅक्टरमध्ये फरक पडला तरी घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटेच मोजतो. बिलात त्याने फरक पडत नाही. असल्या डबीवर घालविलेल्या पैशांत दोन एलईडी ट्यूब आल्या असत्या.

बिलातील छोट्या सवलतीही सोडू नयेत. कागदी बिलाऐवजी ई-मेलने बिल घेतल्यास वर्षाला १२० रुपये, बिल लवकर भरल्यास सुमारे एक टक्का सूट मिळते. दिवसाच्या वेळेनुसार नोंद ठेवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. इस्त्री, मोटर, धुलाई यंत्र ही कामे त्या वेळेत करणे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे.

सौर छत आणि भाडेकरू

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे देतो. चार महिने १८० आणि आठ महिने ९० युनिटे वापरणाऱ्या घराची वर्षाची गरज १,४४० युनिटे होते. एका किलोवॅटमध्ये ती भागते. दुकानदार तीन किलोवॅट सुचवितो, तेव्हा हे गणित जवळ असावे. आधी पंखे बदलून वापर घटविला, तर लहान संच पुरतो आणि कर्जही लहान लागते. हा क्रम उलटा केल्यास वाया जाणाऱ्या विजेसाठी छतावर भांडवल गुंतविल्यासारखे होते.

तथापि ज्याला स्वतःचे छत नाही त्याचे काय? २०२५ मध्ये राज्य शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदानाची योजना मंजूर केली, हे स्वागतार्ह आहे. पण भाडेकरू कुटुंब आणि खोलीवर राहणारा विद्यार्थी यांना त्याचाही लाभ नाही. उलट पायऱ्यांच्या रचनेचा सर्वांत मोठा फटका त्यांनाच बसतो. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असली आणि प्रत्येकाचा वापर ८० युनिटांचा असला, तर मीटर २४० युनिटे दाखवितो. वीज व वहन आकार सुमारे २,१९२ रुपये होतो. तीन मीटर स्वतंत्र असते, तर तिघांचा मिळून १,४११ रुपये झाला असता. जादा दोन मीटरांचा स्थिर आकार सुमारे २६० रुपये वजा केला, तरी महिन्याला पाचशेहून अधिक रुपये हे गरजू लोक निष्कारण भरतात. गरिबासाठी ठेवलेली पहिली पायरी तिघांत मिळून एकदाच मिळते, हा या रचनेतील अन्याय आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाप्रमाणे जागेचा भोगवटादारही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. घरमालकाने भाडेकरूला विरोध न करता कागदपत्रे द्यावीत आणि महावितरणच्या कार्यालयाने असे अर्ज अडवू नयेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

ग्राहकाने बिल वाचले पाहिजे, हे २०२० साली सर्वांना समजले. टाळेबंदीत २३ मार्चपासून मीटरवाचन थांबले, सरासरीची बिले गेली आणि जूनमध्ये तीन महिन्यांचा वापर एकदम आला, तेव्हा राज्यभर असंतोष उसळला. वाचन महिन्याहून अधिक दिवसांचे असेल, तर पायऱ्याही त्या प्रमाणात वाढवून लावाव्या लागतात. चालू वाचन, मागील वाचन, दिवस आणि पायरीनिहाय युनिटे या चार गोष्टी दरमहा पडताळाव्यात. चूक आढळल्यास प्रथम स्थानिक कार्यालय, नंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल, असा मार्ग खुला आहे.

काय करता येईल?

कमी वीज घेणारे पंखे ज्यांना सर्वाधिक हवेत, त्यांच्याकडेच एकदम तीन हजार रुपये नसतात, ही खरी अडचण आहे. एलईडी दिव्यांच्या योजनेत प्रारंभी किंमत बिलातून हप्त्यांनी फेडण्याची सोय होती. तोच मार्ग पंख्यांना लावता येईल. एक कोटी पंख्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झाला. त्याचा लाभ तालुक्याच्या गावी आणि खेड्यांत, बिलातील हप्त्यावर, पोहोचला पाहिजे. शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था दुचाकीला कर्ज देतात. पंख्यांची घाऊक खरेदी करून सभासदांना दहा हप्त्यांत देणे त्यांना अवघड नाही. बचत गट आणि ग्रामपंचायतींनाही हे करता येईल. अशा हप्त्याचा मोठा भाग उन्हाळ्याच्या बिलातील बचतीतूनच निघतो.

विदर्भाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील मोठी औष्णिक केंद्रे याच भूमीवर आहेत. कोळशाची राख आणि धूर येथील लोकांच्या वाट्याला येतो आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत अंधारही त्यांच्या वाट्याला आला. घरात वाचलेल्या एका युनिटामागे, तारांतील गळती धरता, केंद्रात एकाहून अधिक युनिट तयार करावे लागत नाही. तेवढा कोळसा जळत नाही आणि तेवढी राखही पडत नाही.

यंदाचे बिल हाती येईल, तेव्हा त्याची मागील बाजू उलटून शेवटचे युनिट कोणत्या पायरीवर पडले हे प्रत्येक घराने पाहावे. मग कूलरची ताटी, गच्चीचा चुना, पंख्याची मोटर असा क्रम लावून पुढील होळीपूर्वी एकेक काम उरकावे. दरवाढीविरुद्ध आयोगापुढे जरूर भांडावे. पण ते भांडण चालू असताना शंभरावरचे प्रत्येक युनिट वाचविणे ही ज्याची त्याची जबाबदारी राहते, आणि ती पार पाडण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.